भाजलेला अव्होकॅडो आणि ताटाची डावी बाजू

विलेपार्ल्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी सासऱ्यांची पंचाहत्तरी घरीच करायची आहे, बावीस माणसं येणार. नातवंडांना 'अव्होकॅडो बार' हवा आहे. म्हणजे अर्धा अव्होकॅडो तव्यावर भाजून द्यायचा आणि पाहुण्यांनी टेबलावर मांडलेल्यातलं आपल्या आवडीचं सारण त्यात भरून घ्यायचं. शेजारचं कुटुंब जैन आहे, घरचे चार-पाच जण मासे खाणारे, सासूबाईंचा शनिवारचा उपास, आणि हॉल बेताचाच. जमेल का, किती फळं आणायची, सारणं कोणती ठेवायची?

जमेल, आणि छान जमेल. दादरला मी छोट्या घरगुती समारंभांचं जेवण करते, त्याला एकोणीस वर्षं झाली. गेल्या काही वर्षांत हा प्रकार बऱ्याच घरांत मांडला, आणि सगळ्यांना पहिल्यांदा एकच गोष्ट सांगते: अव्होकॅडोला पानातला वरणभात समजा आणि बाकी सगळी ताटाची डावी बाजू मांडा. हे फळ लोण्यासारखं आहे, मऊ, स्निग्ध आणि चवीला जवळजवळ गप्प. त्याला मीठ, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर लागते. त्याचं मूळ घर मेक्सिको, आणि तिथेही ते मीठ, लिंबू आणि मिरचीबरोबरच खातात. आपल्याकडे तर हे तिन्ही पानात वाढायची जागासुद्धा ठरलेली आहे. त्यामुळे परदेशी सॉसच्या बाटल्यांवर पैसे घालू नका. जे तुमच्या हाताला रोज येतं तेच इथे सगळ्यात छान लागतं.

आता फळाकडे येते, कारण हा बेत शनिवारी जमत किंवा फसत नाही, तो मंगळवारीच ठरतो.

मुंबईत दोन तऱ्हेचे अव्होकॅडो मिळतात. एक हास जातीचा, खडबडीत जाड सालीचा, पिकला की साल हिरव्याची जांभळट काळी होते. हा बहुतेक बाहेरून येतो, टांझानिया किंवा केनियाचा असतो. दुसरा आपल्या दक्षिणेतला, कुर्ग, वायनाड, कोडाईकनालकडचा, ज्याला तिकडे बटर फ्रूट म्हणतात. तो आकाराने मोठा, गुळगुळीत सालीचा, पिकला तरी बहुधा हिरवाच राहतो. गर पाणचट असतो, तेल कमी. त्याचं दूध-साखर घालून केलेलं मिल्कशेक फार छान लागतं, पण तव्यावर तो पाणी सोडतो आणि ढासळतो. भाजायला हासच घ्या. क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा वाशीच्या फळबाजारात पेटीने मिळतो. पार्ल्यातून तेवढं जायचं नसेल तर तुमच्या नेहमीच्या फळवाल्याला चार दिवस आधी सांगून ठेवा, तो आणून देतो.

फळ कडकच घ्या. अव्होकॅडो झाडावर पिकत नाही, तोडल्यावर पिकतो, आंब्यासारखी त्याची अढी घालावी लागते. गवत नसलं तरी चालतं. वर्तमानपत्रात एकेक फळ गुंडाळून उघड्या खोक्यात ठेवा, सोबत दोन पिकलेली केळी. केळ्यातून जो वायू निघतो त्याने फळ लवकर तयार होतं. मे महिन्यातली अडचण वेगळीच असते. तिशीच्या वर तापमान गेलं की हे फळ एकसारखं पिकत नाही, एका बाजूने गळतं आणि दुसऱ्या बाजूने दगड राहतं. म्हणून खोकं स्वयंपाकघरात ठेवू नका. घरात सगळ्यात थंड जी खोली असेल, जिथे रात्री एसी लागतो, तिथे पलंगाखाली सरकवा. आणि कच्चं फळ फ्रीजमध्ये ठेवायचा मोह आवरा. कच्चेपणी गारठलेलं फळ नंतर धड पिकत नाही, आतून करड्या रेषा पडतात. मला एकदा एका व्यापाऱ्याने अशी गारठलेली दोन पेट्या फळं दिली होती. वरून देखणी, कापल्यावर आत काळे धागे. चाळीस पाहुण्यांच्या घरी मी संध्याकाळी पाच वाजता फळवाले शोधत फिरले. तेव्हापासून पेटी घेताना एक फळ तिथेच विकत घेऊन कापून बघते.

रोज सकाळी फळं बघा, पण मधे दाबू नका, तिथे डाग पडतो. देठाजवळच्या निमुळत्या भागावर अंगठा हलकेच टेकवा. किंचित दबलं आणि बाकी फळ घट्ट लागलं, की भाजायला तयार. पोळीला लावण्याइतकं मऊ झालेलं फळ तव्यावर टिकत नाही. जी आधी तयार होतील ती मात्र आता फ्रीजमध्ये जाऊ देत. पिकलेलं फळ तिथे दोन दिवस सहज राहतं.

किती आणायची? माणशी दीड अर्धुकं धरा. हे फळ पोटाला फार जड असतं, पहिलं अर्धुकं आवडीने खाल्लं तरी दुसऱ्याला माणूस थांबतो. बावीस माणसांना तेहेतीस अर्धुकं, म्हणजे सतरा फळं. पण आणा बावीस. पाचातलं एक तरी फळ कच्चं, अतिपिकलं किंवा आतून डागी निघतंच. मऊ निघालेली फुकट जात नाहीत, लिंबू, हिरवी मिरची आणि मीठ घालून ती ठेचून ठेवा, मुलं चिप्सला लावून संपवतात. एका अर्धुकाची खळगी चमच्याने जराशी मोठी केली तर तीन मोठे चमचे, साधारण पन्नास ग्रॅम सारण मावतं. सगळी मिळून पावणेदोन किलोची गरज आहे, पण निवड हवी म्हणून सव्वादोन किलोपर्यंत करा.

सारणांत मी पाच ठेवते, त्याहून जास्त नाही. सात-आठ वाडगे मांडले की माणसं सगळंच थोडं थोडं घेतात आणि मग कशाचीच चव लागत नाही.

मोड आलेली मटकी, वाफवून, कोरडी, हिंग-मोहरीची फोडणी देऊन. बुधवारी रात्री भिजत घाला, गुरुवारी सकाळी बांधा. मुंबईच्या मे महिन्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, आणि आले की लगेच फ्रीजमध्ये, नाहीतर वास मारते. शिजल्यावर अर्धा किलो भरली पाहिजे. पनीर चारशे ग्रॅम, हाताने कुस्करून तुपावर जिरं-मिरीत परतलेलं. भाजलेल्या मक्याचे दाणे तीन वाट्या, लिंबू आणि तिखट लावून. कोलंबी सोलून पाऊण किलो भरेल एवढी, म्हणजे बाजारातून दीड किलोच्या आसपास. १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागते, तुमचा कार्यक्रम त्याआधीचा आहे, ताजी मिळेल. हळद, तिखट, मीठ आणि दोन चमचे कोकमाचं आगळ लावून वीस मिनिटं ठेवायची आणि मोठ्या आचेवर अडीच-तीन मिनिटांत उतरवायची. मग प्रत्येक कोलंबीचे दोन-तीन तुकडे करा, अख्खी कोलंबी खळगीत बसत नाही, बाहेर येऊन पडते.

पाचवं सारण म्हणजे खमंग काकडी, आणि इथे मी थोडी थांबते, कारण सगळ्या टेबलावर हीच सगळ्यात आधी संपते. काकडी चोचवून घ्या, म्हणजे सुरीचे घाव घालून बारीक करा, किसू नका. किसलेली काकडी पाणी धरते आणि भाजलेल्या अर्धुकात ओतली की तो गर लिबलिबीत होतो. चोचवलेल्या काकडीला मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळा. मग ओलं खोबरं, हिरवी मिरची, लिंबू, चिमूटभर साखर. दाण्याचं कूट मात्र टेबलावर नेताना घाला, आधी घातलं तर ते ओल शोषून घेतं आणि पिठूळ होतं. गरम, धुरकट, स्निग्ध गरावर ही गार, करकरीत, आंबटगोड काकडी पडली की जे लागतं त्यासाठी मी हा सगळा खटाटोप करते.

मग डावी बाजू. मीठ आणि लिंबाच्या फोडी भरपूर, बावीस माणसांना वीस लिंबं तरी. स्निग्ध पदार्थ आंबट आणि तिखट दोन्ही गिळून टाकतो. जी चटणी पोळीशी झणझणीत लागते ती इथे मवाळ वाटते, त्यामुळे हात आखडू नका. मे आहे, कैरी आहे. दोन कैऱ्या किसून, थोडा गूळ आणि मोहरीची फोडणी घालून तक्कू करा. कारळ्याची चटणी जरूर ठेवा. तिचा कडसर भाजका वास अव्होकॅडोशी जसा जुळतो तसा दुसऱ्या कशाचाच जुळत नाही, आणि हे मला एका पाहुण्या आजींनी स्वतःच्या वाटीतून चाखवून दाखवलं. सुकी लसणाची चटणी, ठेचा दह्यात सैल करून, आणि दोन वाट्या घट्ट चक्का. शेवटी कुरकुरीत काहीतरी: बारीक शेव, भाजके पोहे, चुरलेला पोह्याचा पापड. पुदिना-कोथिंबीर धुऊन पूर्ण कोरडी करून ठेवा.

आता तवा. बाल्कनीत कोळशाची शेगडी पेटवायचा विचार असेल तर सोडून द्या. वरच्या मजल्यावरच्यांना धूर जातो, वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागतो, आणि चांगला कार्यक्रम तक्रारीत संपतो. गॅसवर बिडाचा रेषांचा तवा ठेवा. धुराची चव हवीच असेल तर कोलंबीला किंवा पनीरला झाकणाखाली तुपाचा धुंगार द्या, म्हणजे वाटीतल्या एका निखाऱ्यावर तूप सोडून त्याचा धूर कोंडा, तेवढा पुरतो.

कापण्याबद्दल कळकळीने सांगते: फळ तळहातावर धरून कापायचं नाही आणि बाठ्यात सुरी मारून ओढायची नाही. जगभर लोकांचे हात याने कापले जातात, माझ्यासमोर एका घरच्या मुलाच्या तळव्यात सुरी गेली आहे. फळ पाटावर आडवं ठेवा, सुरी बाठ्याला लागेपर्यंत आत घाला, सुरी तशीच धरून फळ फिरवा, मग दोन्ही हातांनी उलटसुलट पिळून दोन भाग वेगळे करा. बाठा चमच्याने उचला. मुलांना भरायला द्या, कापायला देऊ नका.

कापलेला गर हवेने काळा पडतो, म्हणून सगळी फळं आधी कापून ठेवू नका. एका वेळी तीन फळं, सहा अर्धुकं, दहा इंची तव्यावर तेवढीच मावतात. कापल्याबरोबर गरावर शेंगदाण्याचं तेल ब्रशने लावा, ते हवाही अडवतं आणि चिकटूही देत नाही. लिंबू भाजल्यावर. आधी लावलं तर तव्यावर पाणी तडतडतं आणि गर चिकटतो.

तवा इतका तापला पाहिजे की पाण्याचा थेंब नाचत पळेल. अर्धुकं गराच्या बाजूने ठेवा आणि हात मागे घ्या. हलवू नका, दाबू नका. दीड मिनिटाने भाजक्या शेंगांसारखा वास यायला लागतो. दोन मिनिटांनी कडेला पातळ कालथा घाला. सुटलं तर झालं, अडलं तर आणखी पंधरा-वीस सेकंद. गरावर तपकिरी रेषा दिसतील आणि मधे तो अजून फिकट हिरवाच असेल. तिथेच उतरवा. पालथं करून सालीकडून भाजायची गरज नाही.

याहून जास्त उष्णता या फळाला सोसत नाही, तो कडू होतो. पहिल्याच वर्षी पवईच्या एका घरी पाहुणे यायच्या आधी मी चाळीस अर्धुकं भाजून हॉटपॉटमध्ये भरून ठेवली, गरम राहतील म्हणून. पाऊण तासाने झाकण उघडलं तेव्हा गर करडा पडला होता आणि चव कडवट झाली होती. यजमानीण बाईंनी शब्दाने दुखावलं नाही, पण त्यांच्या आईने पहिला घास घेऊन वाटी बाजूला ठेवली ते मला आजही दिसतं. तेव्हापासून नियम एकच: भरणं पाहुण्यांच्या हातात, भाजणं एकाच माणसाच्या हातात, आणि तेही पाहुणा समोर उभा असताना. तुमच्या घरात तव्यापाशी कोण उभं राहणार ते आत्ताच ठरवा. सहा घाण्यांचं काम आहे, दीड तासात विभागलं तर कुणाला जड जात नाही. तो माणूस तुम्ही स्वतः नसलात तर बरं, कारण तुम्हाला लोकांशी बोलायचं आहे.

अर्धुकं ताटलीत डुगडुगतात, सारण भरताना कलंडतात. परदेशी पद्धतीत सालीचा खालून पातळ काप काढतात, पण त्याने साल फाटून तेल गळतं. आपल्याकडे याला फार सुरेख उपाय आहे, पळसाच्या पानांचा द्रोण. अर्धुक त्यात अगदी मापाचं बसतं, हातात धरता येतं, चटका लागत नाही आणि उभ्याने खाता येतं. दादरला पूजासाहित्याच्या दुकानांत मिळतात. पन्नास आणा, आदल्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून ठेवा. सोबत चमचा. साल खायची नसते, हे एकदा मोठ्याने सांगा.

मांडणी एका भिंतीला लावू नका, टेबल दोन्ही बाजूंनी मोकळं ठेवा, म्हणजे रांग लागत नाही. तव्याकडून द्रोण घेऊन माणूस येतो, आधी मीठ-लिंबू, मग सारण, मग चटण्या आणि चक्का, शेवटी शेव-पोहे आणि कोथिंबीर. हा क्रम बदलला तर शेव खाली दबून मऊ पडते. कोलंबी या टेबलावर अजिबात नको. ती वेगळ्या स्टुलावर, वेगळ्या डावासह, शक्यतो पॅसेजच्या बाजूला.

जैन शेजाऱ्यांसाठी वेगळा तवा, वेगळा कालथा, वेगळी सुरी. नुसते कांदा-लसूण नसलेले पदार्थ ठेवून भागत नाही, भांडी वेगळी आहेत हे त्यांना दिसलं तरच ते मोकळेपणाने खातात. त्यांना पनीर, मका, काकडी आणि कारळ्याची बिनलसणाची चटणी पुरते. मोड आलेलं कडधान्य आणि दही त्यांना चालतं का, ते आधी त्यांनाच विचारा, घरोघरी नियम वेगळे असतात. ते सूर्यास्तानंतर खात नसतील तर मे महिन्यात मुंबईत सूर्य सातच्या सुमारास मावळतो, म्हणजे त्यांना सहालाच बोलवा आणि पहिला घाणा त्यांचा काढा. माझ्या अनुभवात यानेच त्या घरातल्या आजींना सगळ्यात जास्त बरं वाटतं.

सासूबाईंना हे फळ उपासाला चालतं का तेही त्यांनाच विचारा. चालत असेल तर तुपावर भाजा, शेंदेलोण, दाण्याचं कूट, जिरं, दही आणि काकडी. मोहरी-हळदीचा हात त्या वाटीला लागू देऊ नका. त्यांचा द्रोण तुम्ही स्वतः भरून खुर्चीत नेऊन द्या.

दोन गोष्टी पाहुण्यांना आधी फोनवर विचारायच्या. शेंगदाणे किंवा कोलंबी कुणाला सोसत नाही का, आणि रबरी हातमोज्यांची, फुग्यांची कुणाला अ‍ॅलर्जी आहे का. दुसरा प्रश्न विचित्र वाटेल, पण ज्यांना लॅटेक्स सोसत नाही त्यातल्या काहींना अव्होकॅडो आणि केळंही सोसत नाही. दाण्याचं तेल कुणाला चालत नसेल तर राइस ब्रान वापरा आणि कूट वेगळ्या वाटीत ठेवा.

उकाड्यात दही, पनीर आणि कोलंबी तासाभरापेक्षा जास्त बाहेर नको. परातीत बर्फ घालून त्यात वाडगे बसवा, आणि सगळं एकदम बाहेर न काढता अर्धं फ्रीजमध्ये राहू द्या.

कार्यक्रम सुरू होताना तुम्ही स्वतः तीन द्रोण भरून टेबलाच्या तोंडाशी ठेवा: एक मटकी, तक्कू आणि शेवेचा; एक पनीर, चक्का आणि कारळ्याच्या चटणीचा; एक नुसत्या खमंग काकडीचा. ज्यांनी हे फळ कधी खाल्लेलं नाही त्यांना काय करायचं ते बघून कळतं. पंचाहत्तरीच्या आजोबांना पहिला द्रोण द्या. एवढ्यावर जेवण होत नाही, म्हणून मागून मसालेभात, मठ्ठा आणि काहीतरी गोड ठेवा.

मंगळवारी फळं आणलीत की एक कापून बघा आणि गर कसा आहे ते मला कळवा. पाणचट निघाला तर सारणं आणखी कोरडी करावी लागतील, तेव्हा मटकी आणि मक्याचं प्रमाण वाढवून सांगेन.